पद्मिनीचा फ्यूज सारखा जातोय? नवा बसवण्याआधी जुना कसा गेला ते बघा

जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली आहे. हॉर्न वाजत नाही, ब्रेक लाइट लागत नाही, कधी दोन्ही इंडिकेटर मुके. फ्यूजबॉक्सचं झाकण काढून बघावं तर फ्यूज धड दिसतो. बोटाने जरा फिरवला की सगळं चालू. चार दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी गाडी गॅरेजात जाते, तिथे कळतं की "हे फ्यूज आता येत नाहीत", आणि फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून मिळते.

ती चांदी आजच काढून टाका, मग पुढचं वाचा. फ्यूजची पत्ती वितळते ती वायर वाचावी म्हणून. चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळली की वितळायची पाळी वायरवर येते. पद्मिनीतली वायर आता निदान पंचवीस वर्षांची आहे, तिचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, आणि डॅशबोर्डमागे ती एकटी जळत नाही, सगळा जुडगाच घेऊन जाते.

दुसरी गोष्ट, हे फ्यूज मिळतात. शोधावे लागतात, पण मिळतात. आणि सारखा फ्यूज जाण्याच्या बहुतेक तक्रारींत दोष फ्यूजचा नसतो, तो धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्यांचा असतो.

आधी आपला फ्यूज ओळखा

पद्मिनीत येतो तो टॉर्पेडो फ्यूज. लांबी २५ मिलिमीटर, जाडी ६ मिलिमीटर, दोन्ही टोकं निमुळती, अंगावर एक खाच आणि त्या खाचेतून उघडी धातूची पत्ती. हा जर्मन मापाचा फ्यूज आहे. युरोपातल्या त्या काळच्या असंख्य गाड्यांत हाच होता: फोक्सवॅगन बीटल, मर्सिडीज डब्ल्यू १२३, फियाट ५००, फियाट १२४. म्हणूनच तो अजून बनतो. पद्मिनीचा कुर्ल्याचा कारखाना बंद झाला तरी बीटल आणि मर्सिडीजवाले जगभर आहेत, आणि त्यांच्यासाठीचा फ्यूज आपल्या गाडीत जसाच्या तसा बसतो.

रंगावरून अँपिअर कळतो. पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५. फियाटच्या गाड्यांत भरणा पांढऱ्या आठचा असतो, जास्त ओढणाऱ्या सर्किटला लाल सोळाचा.

आता नीट लक्ष द्या, कारण घोळ इथेच होतो. आजच्या गाड्यांतल्या चपट्या ब्लेड फ्यूजलाही रंग असतात, पण त्यांचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. ब्लेडमध्ये लाल म्हणजे १०, निळा म्हणजे १५, पिवळा म्हणजे २०, आणि पांढरा किंवा पारदर्शक म्हणजे २५. तरुण इलेक्ट्रिशियनला ब्लेडचेच रंग पाठ असतात. त्याने ब्लेडचा होल्डर जोडला आणि "पांढरा होता, पांढराच टाकला" असं म्हटलं तर आठच्या जागी पंचवीस अँपिअर गेलेले असू शकतात. फ्यूज पुन्हा जाणार नाही, गाडीमालक खूश होईल, आणि वायरला संरक्षण उरलेलं नसेल. रंग सांगू नका. आकडाच सांगा, आणि हातात आल्यावर टोकाच्या टोपीवर किंवा अंगावर छापलेला आकडा वाचून घ्या.

रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत वापरतात तो २० मिलिमीटरचा काचेचा फ्यूज इथे बसत नाही. क्लिप, म्हणजे फ्यूज धरणाऱ्या पितळी पट्ट्या, वाकवून तो बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या क्लिपचा ताण कायमचा जातो, आणि नंतर योग्य फ्यूजही त्यात ढिला बसतो.

गेलेला फ्यूज फेकू नका, वाचा

फ्यूज उजेडात धरा. पत्ती मधोमध तुटली असेल, आसपास काळा फवारा उडालेला असेल, तर एकदम मोठा करंट गेला. कुठेतरी शॉर्ट आहे.

पत्ती मधोमध वितळून लोंबली आहे, पण काळं काही नाही? मग करंट थोडासाच जास्त होता आणि बराच वेळ वाहत होता. हे लोडचं दुखणं.

पत्ती शाबूत आहे, पण फ्यूजचं एक टोक करपलंय, प्लॅस्टिक बसकं झालंय, टोकाची टोपी काळपट-तपकिरी पडलीये? इथे करंटचा काही संबंध नाही. क्लिप आणि टोपी यांच्यातला संपर्क कच्चा आहे आणि तिथे उष्णता निर्माण होतेय. आणि वरून काहीच दिसत नाही, तरी दिवा लागत नाही, तेव्हाही बहुतेक वेळा हेच दुखणं असतं, फक्त अजून सुरुवातीचं. कोकण, मुंबई, गोवा या दमट पट्ट्यातल्या गाड्यांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, आणि पावसाळ्यानंतर तर हमखास.

गाडी चालूच होत नसेल तर मात्र फ्यूजबॉक्सपाशी वेळ घालवू नका. या पिढीच्या गाड्यांत इग्निशन, स्टार्टर आणि चार्जिंगला सहसा फ्यूजच नसतो.

कच्चा संपर्क: खरं काम इथे आहे

टॉर्पेडो फ्यूज दोन स्प्रिंगी पट्ट्यांच्या भोकांत निमुळत्या टोकांवर टेकून उभा असतो. टेकण्याची जागा म्हणजे जेमतेम एक कड. ती कड स्वच्छ आणि घट्ट असेल तोवर ठीक. पितळ कळकलं, की त्या कडेवर हिरवट थर येतो. फ्यूजची पत्ती आणि टोपी ॲल्युमिनियमची असेल तर पितळाशी लागून दमट हवेत पांढरी भुकटी धरते. दोन्ही थर करंटला अडवतात.

अडवणूक किती महाग पडते ते पाहा. आठ अँपिअर वाहत असताना त्या कडेवर नुसता अर्धा व्होल्ट पडला, तरी चार वॅट उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत तयार होते. त्या उष्णतेने प्लॅस्टिकचा फ्यूज मऊ पडतो, स्प्रिंगच्या दाबाने आखूड होतो, दाब आणखी कमी होतो, उष्णता आणखी वाढते. पट्टी तापून तिचाही ताण उतरतो. म्हणून नवा फ्यूज घातला की महिनाभर बरं वाटतं आणि मग दुखणं आधीपेक्षा लवकर परततं.

मोजून खात्री करता येते. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या खालच्या रेंजवर ठेवा, ते सर्किट चालू करा (दिवा लावा, ब्रेकवर कुणाला तरी पाय ठेवायला सांगा), आणि मीटरच्या दोन सुया फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर टेकवा. फ्यूजवर नाही, पट्ट्यांवर. ०.१ व्होल्टच्या आसपास आला तर उत्तम. ०.३ च्या वर गेला तर तिथे संपर्क कच्चा आहे. मग एक सुई पट्टीवर आणि दुसरी त्याच बाजूच्या टोपीवर धरलीत की कोणतं टोक दोषी तेही कळतं. या एका मापाने जितका वेळ वाचतो तितका दहा फ्यूज बदलून वाचत नाही.

साफ करताना पहिलं काम बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवणं. त्यानंतर कोणता फ्यूज कुठे होता याचा मोबाइलवर फोटो, मग सगळे फ्यूज बाहेर. बारीक पॉलिश पेपरची (चारशे-सहाशे नंबरचा) सुरळी करून ती पट्टीच्या भोकात फिरवा, पितळ पिवळंधमक दिसेपर्यंत. कडेचा आतला भाग महत्त्वाचा, बाहेरून चकचकीत केलेलं फक्त डोळ्यांना बरं वाटतं. घरची पितळेची भांडी चिंच-मिठाने घासतो तसं इथे अजिबात करू नका. मीठ आणि आंबट ओल फटीत राहते आणि आठवड्यात पुन्हा कळक चढते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, कोरडं होऊ द्या.

मग ताण. फ्यूज काढल्यावर समोरासमोरच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर फ्यूजच्या लांबीपेक्षा स्पष्ट कमी दिसलं पाहिजे. कमी नसेल तर बारीक नोजप्लायरने पट्टी बुडाशी धरून हळूच आत झुकवा. शेंड्याला धरून वाकवलीत तर भोक तिरकं होतं आणि संपर्क एकाच बिंदूवर येतो. फ्यूजबॉक्सचं जुनं बॅकेलाइट (कडक प्लॅस्टिक) ठिसूळ असतं, म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटाने बुडाला आधार द्या. नवा फ्यूज बसवताना "टच" असा स्पष्ट आवाज यावा आणि बोटाने फिरवायला जोर लागावा. सैल फिरला तर अजून काम बाकी आहे. तापून निळसर-जांभळी पडलेली पट्टी मात्र वाकवून सुधारत नाही. तिचा ताण गेला तो गेला. ती बदलायची, किंवा त्या सर्किटला वेगळा फ्यूज होल्डर द्यायचा.

बसवण्याआधी टोकांना व्हॅसलीनचा अगदी पातळ हात लावा. हवा आणि ओल बाहेर राहते. पट्ट्यांच्या मागे वायरींचे लग (टोकाचे धातूचे जोड) असतात, त्यांचेही स्क्रू-क्लिप एकदा तपासा, कारण पुढून सगळं स्वच्छ आणि मागे लग ढिला असंही पुष्कळदा असतं.

पत्ती खरंच उडत असेल तर

एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका, विशेषतः दुर्मीळ फ्यूज. फ्यूजच्या जागी दिवा लावा. ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डरसकट, दोन वायरींना क्रोकोडाइल क्लिपा. फ्यूज काढून त्या दोन क्लिपा दोन्ही पट्ट्यांना लावा, आणि त्या सर्किटवरचे सगळे स्विच बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल. करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून वायर सुरक्षित राहते आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ मिळतो. एखादा स्विच चालू राहिला असेल तर बल्ब मंद पेटेल. मंद आणि पूर्ण यातला फरक ओळखायला शिका.

आता बल्ब दिसेल असा ठेवून गाडीभर फिरा आणि वायरी हलवा, कनेक्शन एकेक करून सोडवा. ज्या क्षणी बल्ब विझेल त्या जागी शॉर्ट आहे. पद्मिनीत पाहायच्या जागा ठरलेल्या: डिकीच्या झाकणाच्या बिजागरीपाशी दुमडून दुमडून सोललेली वायर, मागच्या दिव्यांचे गंजलेले होल्डर, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातलं भोक जिथलं रबर झडून गेलंय, आणि स्टीअरिंग कॉलम. कॉलमवर गिअर असलेल्या गाड्यांत हॉर्न, इंडिकेटर, डिपरच्या वायरी आणि गिअरचा दांडा एकाच जागी दाटीवाटीने असतात. वळतानाच फ्यूज जातो असं असेल तर आधी तिथेच पाहा. नंतर कुणीतरी बसवलेला कॅसेट प्लेअर, फॉग लॅम्प, अलार्म यांच्या जोडण्याही तपासा. बाहेरून चिकटपट्टी लावलेली प्रत्येक जोडणी संशयित समजा.

फक्त पावसात फ्यूज जातो? वायपर चालवून बघा, हातही लावून बघा. स्पिंडलमधलं (वायपर ज्यावर फिरतो त्या दांड्यातलं) ग्रीस दगड झालं की मोटर अडकत चालते आणि करंट चढतो. स्पिंडल सोडवून साफ करून नवं ग्रीस भरलं की फ्यूज टिकतो.

हेडलाइटचा फ्यूज रात्रीच्या लांब प्रवासातच का जातो

हे जवळजवळ प्रत्येक पद्मिनीत कधी ना कधी झालेलं आहे. मूळ बल्ब ४५/४० वॅटचे. बारा व्होल्टला ४५ वॅट म्हणजे पावणेचार अँपिअर. आठचा फ्यूज एका दिव्याला ऐसपैस पुरतो. मग कुणीतरी जास्त उजेडासाठी १००/९० वॅटचे बल्ब बसवतं. १०० वॅट म्हणजे ८.३ अँपिअर, आणि इंजिन चालू असताना चौदा व्होल्टला त्याहून जास्त. आठचा फ्यूज एवढ्याने लगेच उडत नाही. तो तापत राहतो. गावात दहा मिनिटं डिपर दिला तर काही होत नाही, पण कोल्हापूरहून रात्री निघालात आणि तासभर अप्पर लावून ठेवलात, की साताऱ्याच्या आसपास एक डोळा मिटतो. फ्यूजला दोष देऊन सोळाचा टाकला की ताण वायरीवर आणि स्विचवर येतो. दिव्याचा स्विच तर मूळ बल्बांच्या हिशेबाने बनवलेला आहे.

उपाय दोनच. साधे ६०/५५ चे बल्ब लावा आणि आरसे, काचा, अर्थिंग नीट करा. उजेडाचा मोठा हिस्सा कळकलेल्या अर्थिंगमध्येच अडकलेला असतो. नाहीतर रिले बसवा, म्हणजे किरकोळ करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून दिव्याला, ८५ अर्थला, आणि दिव्याची जुनी वायर ८६ ला. अप्परला एक रिले, लोअरला दुसरा. जुना फ्यूज आणि जुना स्विच यांच्यावर आता फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट राहतो, आणि मूळ फ्यूजबॉक्स दिसायला तसाच्या तसा.

मिळवायचे कुठून

दुकानात "टॉर्पेडो" म्हटलं तर प्रत्येकाला कळेलच असं नाही. जुना फ्यूज खिशात घेऊन जा आणि समोर ठेवा. पुण्यात नाना पेठेतल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करावी. काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तोवर टॅक्सीवाल्यांमुळे या बारीकसारीक वस्तूंना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता ते उरलं नाही, म्हणून दुकानदार नवा माल भरत नाहीत. जे आहे ते मागच्या कपाटात, जुन्या डब्यात असतं. जरा थांबून, नीट बोलून विचारलं तर निघतं. ऑनलाइन शोधताना पद्मिनीऐवजी बीटल किंवा मर्सिडीज डब्ल्यू १२३ च्या नावाने शोधा, पटकन सापडेल. परदेशात कुणी नातेवाईक असेल तर पाकीटभर मागवून ठेवा. वजन काहीच नसतं.

निवड करता येत असेल तर सिरॅमिक अंगाचे आणि तांब्याच्या पत्तीचे घ्या. प्लॅस्टिकचे तापून बसतात, ॲल्युमिनियमच्या पत्तीला पांढरी भुकटी धरते. सिरॅमिक ठिसूळ असतं, बसवताना पक्कड लावू नका, एवढंच पथ्य.

स्वस्तातल्या फ्यूजांची एकदा परीक्षा घ्यावी. पत्ती इतकी जाड असते की आठ लिहिलेला फ्यूज वीसलाही उडत नाही. चांगली बॅटरी, मध्ये फ्यूज, आणि पुढे ५५ वॅटचे चार बल्ब समांतर. हे मिळून साधारण अठरा अँपिअर ओढतात. जाड वायर वापरा, डोळ्यांवर चष्मा, आणि बॅटरी मोकळ्या हवेत. आठचा फ्यूज मिनिटभर तग धरून राहिला तर ती सगळी थैली कचऱ्यात.

ब्लेड फ्यूजवर जायचं का?

रोज गाडी चालवणाऱ्याने खुशाल जावं. रात्री-अपरात्री वाटेत ब्लेड फ्यूज मिळण्याची शक्यता तरी असते, टॉर्पेडोची नाही. फक्त मूळ बॉक्स कापू नका. ब्लेडचा छोटा बॉक्स डॅशबोर्डखाली लपवून बसवा, वायरी एकेक करून तिकडे न्या, जुना बॉक्स जागेवर राहू द्या. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात आणायची असेल तर त्याची वाट बंद होत नाही. पाचला ५, आठला ७.५, सोळाला १५, पंचवीसला २५ असा बदल करा. ७.५ चा उडत असेल तर लगेच दहाकडे धाव घेऊ नका, आधी त्या सर्किटचा लोड मोजा. मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज फ्यूजच्या जागी काही सेकंद लावली तरी आकडा मिळतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर फारच सोयीचं.

ॲम्बॅसेडरवाल्यांसाठी

तुमचं दुखणं वेगळं आहे. ॲम्बॅसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे जुन्या गाड्यांत ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा बॉक्स: कामाचे दोनच काचेचे फ्यूज, बाकीच्या दोन जागा स्पेअरसाठी. काचेच्या आत एक कागदाची पट्टी असते आणि तिच्यावर ३५ लिहिलेलं असतं. हा ३५ फसवा आहे. ल्यूकस पद्धतीत तो आकडा फ्यूज उडण्याचा असतो; सतत वाहू शकणारा करंट त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १७ अँपिअर. अमेरिकन पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहण्याचा आकडा छापतात. दुकानातून तसला ३५ आणून लावलात तर संरक्षण दुप्पट ढिलं झालं. त्या पद्धतीत तुम्हाला १५ चा लागतो, लोड मोजून फार तर २० चा. लांबीतही फरक आहे: ल्यूकसचा २९ मिलिमीटरच्या जरा वर, अमेरिकन ३२ च्या आसपास. क्लिप ताणून बसवू नका.

आणि दोनच फ्यूज असण्याचा अर्थ असा, की मूळ रचनेत हेडलाइटला फ्यूज नाहीच. तो लावून घ्यावा, पण दोन्ही दिव्यांना मिळून एक लावू नका. डाव्याला वेगळा, उजव्याला वेगळा लावा, म्हणजे वळणावर एक गेला तरी दुसऱ्याच्या उजेडात गाडी कडेला घेता येते.